जावा पाहिजे

रविवारी सकाळी सव्वानऊला बी विंगच्या काकांचा फोन. "तू दिलेलं सॉफ्टवेअर बंद पडलंय, वर ये." वर ये म्हणजे आत्ता ये. चहा तसाच ठेवून गेलो, हे मुद्दाम सांगतोय.

झालं असं की सोसायटीचं सभासद रजिस्टर, पार्किंग, थकबाकी हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी लिबरऑफिस नावाच्या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधल्या बेसमध्ये, म्हणजे त्याच्या डेटाबेसच्या भागात, बसवून दिलं होतं, तीन रविवार घालवून, फुकट. काका खजिनदार. आता मुलीनं त्यांना मॅकबुक दिलाय आणि काकांनी मला न विचारता मॅकच्या ॲप स्टोअरमधून लिबरऑफिस घेतलं. विकत! आणि फाइल उघडायला गेलं की ते म्हणतंय जावा पाहिजे, म्हणजे बेसला लागणारं एक वेगळं सॉफ्टवेअर.

"काका, स्टोअरवाल्यात जावा चालत नाही. बाहेरचे सुटे भाग जोडायला तिथे परवानगीच नसते. वेबसाइटवरून उतरवून घेऊ, जावा वेगळं टाकू, उघडेल. आणि ते फुकट आहे."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे फुकटात जास्त आणि पैसे मोजले की कमी?"

"हो."

"मला काय वेडा समजतोस?"

आता हे काही मी ठरवलेलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लिबरऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनने ते मॅकच्या स्टोअरमध्ये ८.९९ युरोला ठेवलं तेव्हाच त्यांनी सरळ लिहिलं होतं की यात जावा नाही, त्यामुळे काही सोयी कमी मिळतील, आणि आलेला पैसा पुढच्या कामाला लागेल. खरं तर आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये या लोकांना पैसे देणारा पहिला माणूस म्हणजे काका, मी स्वतः इतकी वर्षं वापरून एक रुपया दिलेला नाही, पण हे काकांना सांगायची ती वेळ नव्हती.

"जावा?" कोपऱ्यातला पेपर खाली आला. मागे नाना होते. नाना रोज काकांकडे येऊन काकांचा पेपर काकांच्या आधी वाचतात. "कुठलं मॉडेल?"

"नाना, ती नाही. कॉम्प्युटरमधली."

"मैसूरला बनायची. पुढे तीच येझदी झाली. एकाच दांडीनं किक आणि त्याच दांडीनं गिअर, आहे का आताच्या गाड्यांत? मी कात्रजच्या घाटातून सासऱ्यांना मागे बसवून आणलेत. उतरल्यावर दोन दिवस बोलले नाहीत."

आतून काकू पोहे घेऊन आल्या. "जावा कशाला हव्यात? दोन आहेत मला, पुरे झाल्या."

(काकूंचं चुकत नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस नावाचं सॉफ्टवेअर ऑरॅकल कंपनीच्या घरात गेलं, ते बघून मंडळींनी वेगळी चूल मांडली, तेच हे लिबरऑफिस. पण जावासुद्धा ऑरॅकलच्याच घरातलं. चूल वेगळी झाली तरी जावा काही सुटल्या नाहीत. हे मी बोललो नाही, पोहे गरम होते.)

नाना विचारात पडले होते. मग म्हणाले, "थांब. म्हणजे शोरूममधून घेतली तर बिनदांडीची गाडी देतात. आणि बाहेरून घेतली तर दांडी बसवता येते."

मी अवाक. एवढं सोपं करून मला दहा वर्षांत कुणाला सांगता आलेलं नाही. मी म्हटलं, "नाना, अगदी बरोबर!"

"मग बाहेरची चोरीची असणार," नाना म्हणाले, आणि पेपर परत वर गेला.

संपलं. काकांच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाला. मी ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगत बसलो, लायसन्स सांगितलं, जगभर लोक आपापला वेळ काढून लिहितात म्हटलं, त्यावर "त्यांना घरदार नाही का" असा प्रश्न काकूंनी विचारला, ज्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आत्ताही नाही. शेवटी मीच वेबसाइटवरून उतरवलं, उघडायला गेलो तर मॅकनं पाटी दाखवली, हे इंटरनेटवरून उतरवलेलं आहे, नक्की उघडायचं का?

"बघ, तोच विचारतोय," काका म्हणाले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. मग जरा आवाज खाली आणून, "खरं सांग, यात तुला काय सुटतं?"

मला काय सुटतं! तीन रविवार गेले, हा चौथा. उलट थकबाकीच्या यादीत माझं नाव आहे ते मीच टाईप केलंय, प्रामाणिकपणे, फ्लॅट नंबरसकट. पोहे अर्धे टाकून उठलो. (टाकले नाहीत. संपवले. पण मनातून उठलो होतो.)

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज: "सोसायटीच्या कामासाठी जावा पाहिजे. अधिकृतच हवी. माहिती असल्यास कळवणे."

संध्याकाळपर्यंत सी विंगमधून एका लाल येझदीचे चार फोटो आले, "कागदपत्रं क्लिअर, किंमत बोलून ठरवू." त्याखाली नानांचा अंगठा.