कोंडागावला जाताना पितळेचा भाव पाठ करून जा

जोडून सुट्ट्या आल्या की नागपूरकराला दोनच ठिकाणं सुचतात, पचमढी नाहीतर ताडोबा. तुमचं दोन्ही चारचारदा झालं असेल, ताडोबाचे वाघ आता तुम्हाला ओळखून तोंड फिरवत असतील, तर यंदा कोंडागाव करा. बस्तरातलं कोंडागाव. तिथे ढोकऱ्याचे, म्हणजे मेणाचा साचा वितळवून ओतलेले, पितळी हत्ती-घोडे घडतात. रायपूरमार्गे सुमारे ५०० किलोमीटर. पहाटे निघायचं आणि चिवडा, शेव, संत्रा बर्फी भरपूर भरून घ्यायची. तिकडे ‘आपल्यासारखं’ काही मिळत नाही, हे निघायच्या आधीच ठरलेलं असलं की तिकडचं काही चाखून बघावं लागत नाही.

वर्धा रोडने येत असाल तर सीताबर्डीच्या उड्डाणपुलाचं पूर्ण नाव वाचायच्या भानगडीत पडू नका. आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. १९९४ च्या नोव्हेंबरात अधिवेशनावर आलेल्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले, त्यांच्या नावाचा हा पूल. आपल्याला आदिवासी संस्कृती बघायला ५०० किलोमीटर जायचंय, पुलावरच गाडी अडली तर कसं व्हायचं? आणि गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ साली बारा वाड्या एकत्र करून आपलं हे नागपूर वसवलं, हेही मुलांना सांगू नका. कार्टी लगेच विचारतात, मग आपण चाललोय कुठे?

भंडाऱ्याला चहासाठी थांबा. हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी जुनं नावाजलेलं. एखाद्या दुकानात पितळेचा किलोचा भाव विचारा आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. संबंध सहलीत एवढाच अभ्यास करायचा आहे. पुढे धमतरी, कांकेर मागे पडतं आणि केशकालच्या घाटात ट्रकांच्या रांगेत तुम्ही अडकता. घाटातल्या तेलिन मातेच्या देवळाला हात जोडा, फोटो काढा.

कोंडागावात भेलवापदर पाड्यावर घडवा, म्हणजे हे पितळ ओतणाऱ्या, कारागिरांची घरं आहेत. राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले ढोकरा कारागीर जयदेव बघेल याच गावचे, पण हे नाव माहीत असल्याचं दाखवू नका, भाव करताना जड जातं. आधी फोन वगैरे करायचा नाही, सरळ अंगणात शिरायचं. समोर टी-शर्टातला मुलगा येईल, त्याच्या हातात तुमच्यापेक्षा बरा फोन असेल. तुमचा हिरमोड होईल. डोक्यात पिसं नाहीत, गळ्यात कवड्या नाहीत, वर ऑनलाइन पैसे घेतो! ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ हे वाक्य त्याच्यासमोरच म्हणा. पहिल्यासारखं काय होतं हे तो विचारत नाही, सभ्य असतो.

काम कसं चालतं ते तो दाखवेल. काळ्या मातीत भाताचा कोंडा कालवून आधी आतला गाभा करतात. मग मेण. पिचकी नावाच्या दट्ट्यातून दाबलं की शेवयांसारखे मेणाचे लांब तार निघतात, ते गाभ्यावर एकाला एक चिकटवून गुंडाळत जायचे. त्यावर वारुळाच्या बारीक मातीचा लेप, मग जाड मातीचे थर, मग भट्टी. मेण वितळून जातं आणि त्या रिकाम्या जागेत पितळ उतरतं. मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. एवढं ऐकून झालं की आपल्यातला हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणतो, ‘म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच ना!’ त्याला बोलू द्या.

मी गेलो होतो तेव्हा एक बाई हत्तीच्या पोटावर तार गुंडाळत बसली होती. तार मध्येच तुटला. तिने दोन्ही टोकं चिमटीत धरून जराशी वळली, सांधा दिसेनासा झाला आणि हात पुढे चालू. मी माझ्या खास नागपुरी हिंदीत विचारलं, ‘कितने दिन लगते है इसको?’ तिने एक बोट वर केलं. मला वाटलं, एक दिवस. ती मला थांब म्हणत होती, फेरा पुरा व्हायचा होता.

साचा फोडताना मात्र मोबाइल तयार ठेवा. पितळ थंड झालं की मातीचा साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच वस्तू निघते. आमच्या मेव्हण्याचं नेमकं त्या वेळी चित्रीकरण हललं. तो म्हणाला, ‘भैया, एक बार फिरसे फोडो ना.’

मग खरेदी. हत्ती हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा, भंडाऱ्याचा भाव काढायचा आणि मोठ्याने म्हणायचं, ‘काहून बे, इतकुसा हत्ती अन् अडीच हजार?’ घासाघीस अडीचशे रुपयांसाठी पाऊण तास तरी चालली पाहिजे. हायवेवरच्या धाब्यावर पनीरसाठी तेवढेच पैसे मोजताना आपण हूं की चूं करत नाही, पण तिथे बिल छापील असतं. सोबत कोणाच्या लग्नाला द्यायला झिटकू-मिटकीची जोडी घ्या. छान दिसते. त्यांची गोष्ट विचारू नका. मिटकीच्या भावांनी तलावाचं पाणी टिकावं म्हणून झिटकूचा बळी दिला आणि तिनेही मागे जीव दिला, असं तिकडे सांगतात. आम्ही ही जोडी भाचीला लग्नात दिली होती. सुंदर पॅकिंग करून, वर ‘जोडी अशीच राहो’ लिहून.

दुपारी कोणी चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी, पुढे केली तर किंचाळा. सावजीच्या रश्श्यात तरंगणारी खूर आणि मुंडी चोखणाऱ्या माणसाला किळस शोभून दिसते.

घरी आल्यावर हत्ती टीव्हीखाली ठेवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आदिवासींच्या घरून आणला, डायरेक्ट’ असं सांगा. एवढ्यावर थांबा. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात दरवर्षी क्राफ्ट मेळा भरतो, तिकडे फिरकू नका. मी फिरकलो. भेळ खात स्टॉल बघत होतो तर एकाने हाक मारली, ‘नमस्ते सर, हाथी कैसा है?’ तोच टी-शर्टवाला. माझा हत्ती, माझी पाऊण तासाची घासाघीस, सगळं त्याच्या लक्षात होतं. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी ओळखीचं नव्हतं. मग समोरचा छोटा घोडा उचलला, हातात तोलला आणि म्हटलं, ‘अब तो पहचान के हो गए. इसका क्या लगाओगे?’