हात ओळखता आला म्हणजे कंडक्टर झाला?

नागपुरातल्या आम्हा क्वायरवाल्यांच्या, म्हणजे समूहगान करणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. संगणक आता कंडक्टरचे, म्हणजे गायक-वादकांसमोर उभं राहून हातांनी त्यांना चालवणाऱ्याचे, हातवारे ओळखतो, हा अगदी ताजा शोध आहे, तसाही कंडक्टर नुसता ताल दाखवतो, आणि रोबोटने ऑर्केस्ट्रा चालवूनही दाखवला. सबब कंडक्टरचं काम संपलं. यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

ताजा शोध तर मुळीच नाही. संगणक-संगीतातले संशोधक मॅक्स मॅथ्यूज यांचं रेडिओ बॅटन, म्हणजे हवेत छडी हलवून संगणकाचं वादन चालवण्याचं यंत्र, १९८०च्या दशकातलं. व्हिएन्नाच्या ‘हाउस डेर मुझीक’ संग्रहालयात २००० सालापासून इन्फ्रारेड छडी हलवून व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राच्या वादनाचा वेग कमी-जास्त करता येऊ लागला. पण ते वादन आधीच मुद्रित केलेलं!

खरा घोळ आहे तो ‘नुसता ताल दाखवतो’ यात. हात खाली येऊन उसळतो तो क्षण पकडला की मात्रा सापडते, यंत्राला ते जमतं. पण नागपूरच्या सदर भागातल्या एखाद्या चर्चमध्ये नाताळच्या कॅरल्सची प्रॅक्टिस बघा. पहिली मात्रा पडण्याआधी कंडक्टरचा हात वर जातो, सोबत त्याचा श्वासही. लय काय, आवाज किती, सुरुवात मऊ की ठसठशीत, हे त्या एका उचलीतच कळतं. आल्टोवाल्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका, त्याच्याबरोबर श्वास घेतात, म्हणून पहिला शब्द एकत्र फुटतो. तेवढ्यात डावा हात टेनरना, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांना, आवरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात टेरेसा मॅरिन नाक्रा यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस कंडक्टरना सेन्सरचं जाकीट घालून स्नायूंचे विद्युत संकेत, श्वास आणि हृदयाचे ठोके नोंदवले, ते यासाठीच. नुसती छडी मोजून भागत नाही.

आता रोबोट. २००८मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला असिमो नावाच्या रोबोटने ऑर्केस्ट्रा चालवला, २०१७मध्ये इटलीत पिसाला यूमी नावाच्या. दोघांच्याही हालचाली माणसाकडून उचललेल्या. यूमीचे हात तर कंडक्टर आंद्रेआ कोलोंबिनी यांनी स्वतः धरून फिरवले होते. गायक एखाद्या सुरावर जास्त रेंगाळला तर त्याच्यासाठी थांबणं या रोबोटांना शक्य नव्हतं.

या यंत्रांचा उपयोग आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो. कंडक्टिंग शिकू पाहणाऱ्या नागपूरच्या पोरांना सरावासाठी चाळीस वादक कुठून मिळणार? अशी छडी हाती आली तर घरी चार मात्रांचा बीट घोटता येईल, आणि हात अडखळला की समोरचं वादनही अडखळेल. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हे लिहून पाठवा.