कृपया येथेच थुंकावे

स्टुटगार्टला तीन वर्षं काढून तुम्ही पुण्यात परत आला आहात. ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नसते हे सांगून झालं. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की पैसे परत मिळतात हेही सांगून झालं, आणि दुसऱ्यांदा सांगायला गेलात तेव्हा समोरचा माणूस भंगारवाल्याचा भाव सांगायला लागला. आता हातात उरते वाइन. सात-आठ रसिक मंडळी घरी बोलवा आणि जर्मन वाइनच्या संध्याकाळीचा घाट घाला. मी नुकताच घातला. कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. तुमचाही व्हावा म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिला प्रश्न बाटल्यांचा. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क चालत आलंय, त्यामुळे बाटल्या दुकानातून घ्यायच्या नसतात, माणसांबरोबर आणायच्या असतात. विमानाने येणाऱ्याला माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. आम्ही दोघं आणि लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या सासूबाई मिळून सहा लिटर झाले, म्हणजे पाऊण लिटरच्या बरोब्बर आठ बाटल्या. हिशेब सुंदर आहे, पण कस्टम्सवाले माणशी मोजतात आणि माणशी दोनच बसतात. तेव्हा सहा बाटल्या आणि वर एक अर्धी. ज्या बॅगेतून डिंकाचे लाडू गेले त्याच बॅगेतून रीसलिंग ही पांढरी वाइन आली. सासूबाईंना आधी कल्पना देऊ नका. "माझ्या बॅगेत काय आहे?" हे वाक्य विमानतळावर जेवढं मोठ्याने म्हटलं जाईल तेवढी आपली संध्याकाळ धोक्यात.

मग परवाना. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि प्यायला रीतसर परवाना लागतो. पाहुण्यांनी "वाइन म्हणजे दारू नव्हे, २०२२ मध्ये टीव्हीवर सांगत होते" असा मुद्दा काढला तर त्यांना योहानिसबर्गची गोष्ट ऐकवा. ऱ्हाइनकाठच्या या मठाला द्राक्षं तोडायला फुल्डाच्या धर्मगुरूंची परवानगी लागायची. १७७५ साली परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार इतका उशिरा पोचला, की घड वेलीवर सुकून सडायला लागले होते. तसेच तोडले, आणि वाइन अप्रतिम निघाली. तीच श्पेटलेझ, म्हणजे उशिराची तोडणी. त्या घोडेस्वाराचा पुतळा तिथे उभा आहे. परवानगीला उशीर झाल्याबद्दल उभारलेला दुसरा पुतळा माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे या न्यायाने चौकाचौकात घोडेच घोडे झाले असते.

पाहुणे निवडताना एकच पथ्य पाळा. द्राक्षातलं ज्याला कळतं असा माणूस बोलावू नका. माझ्याकडून इथे किंचित ढिलाई झाली. माझे साडू निफाडकडचे, सहा एकर बाग. ते त्या दिवशी कामासाठी पुण्यात आले होते आणि बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला दारातून परत पाठवण्याइतका मी जर्मन झालेलो नाही. वरच्या मजल्यावरचे काका तर न बोलावताच आले. जिन्यात वास आला म्हणाले.

निमंत्रणात वेळ सातची द्या आणि सात म्हणजे सात असं ठणकावून सांगा. पाहुणे सव्वाआठला येतील. मधला सव्वा तास वाया घालवू नका, बाटल्या पुसा. रेड वाइन "खोलीच्या तापमानाला" प्यायची असते असं पुस्तकात दिलेलं असतं. ही खोली जर्मनीतली, सोळा-सतरा अंशांची. मी तत्त्वाला चिकटून श्पेटबुरगुंडरची बाटली सकाळपासून हॉलमध्ये ठेवली. एप्रिल होता. पहिला घोट घेऊन एका वहिनींनी विचारलं, "यात सुंठ घातलीय का?"

आता लेबल. जर्मन वाइनचं लेबल म्हणजे सातबारा. गाव, शिवार, प्रत, द्राक्षाची जात, आणि खाली सरकारी तपासणीचा क्रमांक, कारण दर्जेदार म्हणवणारी प्रत्येक वाइन तिथे आधी सरकारी परीक्षेला बसते. पाहुण्यांना हे सगळं वाचून दाखवा, सावकाश. गावाच्या नावाला शेवटी 'अर' लागतो, पुढे शिवाराचं नाव येतं. मी सांगत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "म्हणजे आपलं 'कर'." तिथून जे सुटलं ते आवरेना. बर्नकास्टेलर डॉक्टर हे मोझेल नदीवरचं जगप्रसिद्ध शिवार, ट्रियरचे आर्चबिशप बोएमुंड तिथली वाइन पिऊन दुखण्यातून उठले अशी दंतकथा आहे. त्याचे झाले बर्नकास्टेलकर डॉक्टर, वेळ सकाळी दहा ते एक, रविवार बंद. पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेनचं झालं पीसपोर्टकर सोनथेंबे. आणि क्रोवर नाक्टआर्शचा अर्थ मी सांगायलाच नको होता. त्या लेबलवर चड्डी उतरवून फटके खाणारा पोरगा छापलेला असतो. क्रोवकर पुढचं आडनाव रात्री साडेअकरापर्यंत गाजत होतं.

या गोंधळात एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली, ती तुम्ही जरूर सांगा. १९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने कित्येक गावांचे मिळून मोठमोठे पट्टे केले आणि त्यांनाही शिवारासारखीच नावं दिली. पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन हे खरंखुरं उतारावरचं शिवार आहे. पीसपोर्टर मिशेल्सबर्ग हा आसपासच्या गावांचा एकत्र पट्टा. लेबलवर दोन्ही वर्षानुवर्षं सारखेच दिसत आलेत. सूसच्या पुढच्या इमारतीला 'बाणेर अ‍ॅनेक्स' म्हणतात, तसं. हे उदाहरण देण्यापूर्वी पाहुण्यांपैकी कुणी बाणेर अ‍ॅनेक्समध्ये राहत नाही ना, एवढं बघा.

पुढचा टप्पा एक्सलं अंशांचा. इथे तुमचं खरं ज्ञान दिसतं, म्हणून आवाज खाली आणा. फॉर्त्सहाइमच्या फर्डिनांड एक्सलं यांच्या नावाचं हे माप. एक लिटर ताजा द्राक्षरस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. रस १०८० ग्रॅम भरला तर ८०. या आकड्यावर प्रत ठरते: काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ अशी चढत चढत १५० च्या वर ट्रोकनबेरेनआउसलेझपर्यंत. हे मी हातवारे करून सांगत असताना साडूंनी खिशातून फोन काढला, काहीतरी केलं आणि म्हणाले, "ऐंशी म्हणजे एकोणीसच्या आसपास ब्रिक्स. आमचा व्यापारी पण तेच बघतो. एक मणी चिरडतो, यंत्राच्या काचेवर थेंब टाकतो, उजेडाकडे धरतो आणि भाव पाडतो." म्हणजे जर्मन वाइनची तालेवार उतरंड आणि पिंपळगावचा व्यापारी यांचं मूळ एकच निघालं, साखर. असं काही निघालं तर ऐकू आलं नाही असं दाखवून पुढची बाटली उघडा.

मात्र ट्रोकनबेरेनआउसलेझ या शब्दाशी थांबा. 'ट्रोकन' म्हणजे कोरडं. लेबलवर नुसतं ट्रोकन असेल तर लिटरला फार तर नऊ ग्रॅम साखर, हाल्बट्रोकन असेल तर अठरापर्यंत. फाइनहेर्ब असेल तर काय, याची कायद्यात व्याख्याच नाही. जर्मनांच्या हातून व्याख्या करायची राहून गेलेली गोष्ट मला तीन वर्षांत एवढीच सापडली. पण ट्रोकनबेरेनआउसलेझ ही सगळ्यांत गोड. कारण तिथे कोरडी वाइन नाही, कोरडे मणी आहेत: बुरशी लागून वेलीवरच मनुका झालेले, एकेक करून वेचलेले. मी 'उदात्त बुरशी' असा शब्द योजला होता. साडू म्हणाले, "आम्ही असले मणी कात्रीने काढायला बायका लावतो. रोजाने." आणि ग्लासाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आइसवाइनला तर ते उठूनच बसले. अर्धी बाटली होती ती हीच. जर्मनीत या वाइनसाठी द्राक्षं हिवाळ्यापर्यंत वेलीवर राखतात आणि पारा उणे सातच्या खाली गेला की पहाटेच्या अंधारात गोठलेलेच घड तोडून गाळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो, घट्ट पाक तेवढा खाली येतो. निफाडला थंडीची लाट आली की हाच माणूस मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवत फिरतो. "आम्ही धूर करून डोळे फोडून घेतो, आणि हे गोठायची वाट बघतात?" त्यानंतर त्यांनी एकरी उतारा विचारला, मजुरी विचारली, आणि एखाद्या वर्षी थंडी पडलीच नाही तर काय, हे विचारलं. तर काहीच नाही, घड गेले. साडू गप्प झाले. अर्ध्या बाटलीतला शेवटचा घोट त्यांनी कुणालाही न विचारता स्वतःच्या ग्लासात ओतला. तुमच्या कार्यक्रमात असं होऊ देऊ नका. आइसवाइन ही फोटोसाठी असते.

वास घेण्याच्या भागाला मात्र भरपूर वेळ ठेवा. ग्लास फिरवा, नाक आत घाला, डोळे मिटा आणि "ओल्या पाटीच्या दगडाचा वास" असं काहीतरी पुटपुटा. मोझेलच्या उतारांवर काळ्या पाटीचा दगड आहेच, त्यामुळे कुणाला खोडून काढता येत नाही. कधीच न खाल्लेल्या फळांची नावं घ्या. पाहुण्यांनाही घ्यायला लावा. आमच्याकडे एकीला गूजबेरी आली, तिच्या नवऱ्याला लगेच हिरवं सफरचंद आलं. काकांनी पंधरा वर्षं जुन्या रीसलिंगमध्ये नाक घातलं, बाहेर काढलं, परत घातलं.

"रॉकेल," ते म्हणाले.

सगळे हसले. बायकोने ग्लास धुतला होता की नाही म्हणून माझ्याकडे बघितलं. "अहो खरंच. रेशनचं निळं रॉकेल नव्हे, त्याच्या आधीचं, पांढरं. वातीचा स्टोव्ह विझवल्यावर यायचा तो."

आता इथे मोठी अडचण होती. काकांचं बरोबर होतं. जुन्या रीसलिंगला असा वास येतोच. त्यामागच्या रेणूला जाणकार टीडीएन म्हणतात आणि त्या वासाला सभ्य भाषेत पेट्रोल. मी स्वतः दोन वर्षं तो वास शोधत होतो आणि सापडल्याचं सांगत होतो. रसिकांच्या मेळाव्यात पहिला अचूक अभिप्राय असा स्टोव्ह वापरलेल्या माणसाकडून येणं बरं नव्हे. मी "हं, तसंही म्हणतात" एवढं बोलून विषय १४३५ कडे वळवला. रीसलिंगचा पहिला लेखी उल्लेख त्या सालचा, ऱ्युसेल्सहाइमचा, म्हणजे जिथे पुढे ओपेल मोटारी बनल्या त्या गावचा. मोटारीचा विषय निघाल्यावर मंडळी पेट्रोलवरून पुन्हा रॉकेलवर आली.

खाण्याचं अगदी कडक ठेवा. पाव आणि चीज, बस. "चखणा काय आहे?" असं कुणी विचारलं तर दुखावल्यासारखा चेहरा करा. आमच्या घरी पाठीमागून फितुरी झाली. सासूबाईंनी दुपारीच अळूवड्यांचे उंडे वाफवून ठेवले होते. बरोबर काबिनेटची बाटली फिरत असताना त्या तळून घेऊन आल्या. आठ-नऊ टक्के अल्कोहोलची ती जराशी गोड, जराशी आंबट वाइन, आणि चिंच-गूळ लावलेली, कडेला कुरकुरीत झालेली वडी. मी एक उभ्या उभ्या खाल्ली, वर एक घोट घेतला, आणि तीन वर्षांत चीजबरोबर जे कधी झालं नव्हतं ते झालं. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही. चेहऱ्यावर नापसंती ठेवून दुसरी घेतली.

शेवटची सूचना थुंकण्याची. खरा जाणकार वाइन गिळत नाही, तोंडात घोळवून थुंकतो. त्यासाठी भांडं लागतं. आमच्या माळ्यावर आजोबांची पितळी पिकदाणी होती, ती चिंचेने घासून टेबलावर मधोमध ठेवली. पुणेकर पाहुणे दुसऱ्याच्या दिवाणखान्यात थुंकायला बिचकतील म्हणून वर पाटी लावली: "कृपया येथेच थुंकावे." लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. प्रत्येक बाटलीला मी पुढे होऊन, जरा वाकून, कसं थुंकायचं ते करून दाखवलं.

मंडळी गेल्यावर आवरायला घेतलं. सहाही बाटल्या रिकाम्या, अर्धीही रिकामी, अळूवड्यांच्या ताटात तीळ. पिकदाणी उचलून मोरीत ओतली. तळाला दोन बोटं वाइन होती, पांढरी-लाल एकत्र झालेली. सगळी माझीच.