शेकोटी घ्यावी तर बिनधुराड्याची

डिसेंबर सरत आला, ग्वाल्हेरच्या बाडा चौकात मधोमध पुतळा होऊन उभे असलेले महाराज कोहऱ्यात, म्हणजे धुक्यात, दिसेनासे झाले आणि रजईतून हात बाहेर काढायला मुहूर्त शोधावा लागला, की समजावं, घरात फायरप्लेस घ्यायची वेळ आली. सिगडी नव्हे. सिगडी आजीची. तिला कोळसे लागतात, फुंकणी लागते, आणि तिच्याभोवती उकिडवं बसून काढलेला फोटो अमेरिकेतल्या मुलाला पाठवता येत नाही.

फायरप्लेसमध्येही जुन्या वळणाचे लोक धुराड्याची घेतात. तुम्ही बिनधुराड्याची घ्या. दुकानात तिला ‘व्हेंटलेस’ म्हणतात. गॅसवर चालते, भिंतीशी टेकून बसते, आत भट्टीत भाजलेले खोटे ओंडके असतात, पण सालीवरच्या भेगा अशा की हात लावून बघावंसं वाटतं. दुकानदार सांगेल, “भाईसाहब, पूरी की पूरी गर्मी घर में ही रहेगी.” तो खोटं बोलत नाही. ऊब घरातच राहते, कारण तिला बाहेर जायला वाटच ठेवलेली नाही. ज्योतीतून आणखी जे काही निघतं त्यालाही नाही, हे त्यानं सांगावं अशी अपेक्षा करू नये. त्यालाही मुलंबाळं आहेत.

आता ‘आणखी काय निघतं’ असं विचारायची खोड तुम्हाला असेल, तर हिशेब सोपा आहे. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे 14.2 किलोचं आपलं लाल सिलिंडर संपेपर्यंत साधारण 22 लिटर पाणी तुमच्या दिवाणखान्यात सोडतं. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या मोहल्ल्यात ही केवढी सोय! नायट्रोजन डायऑक्साइडही थोडा मिळतो. ज्वलन नीट झालं नाही तर कार्बन मोनॉक्साइडही मिळतो. त्याला ना रंग ना वास, शिवाय रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त आवडीनं चिकटतो. इतका न बोलता सेवा देणारा पाहुणा हल्ली कुठे मिळतो?

ज्योत कोणती घ्यावी? पिवळी. स्वयंपाकघरातल्या शेगडीची ज्योत पिवळी झाली, भांड्याच्या बुडाला काजळी धरली, की आपण बर्नर काढून टाचणीनं भोकं साफ करतो, तरी न जमल्यास मेकॅनिकला बोलावतो. दिवाणखान्यात मात्र तीच पिवळी, लवलवती ज्योत बघायला आपण पैसे मोजतो. निळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळतोय, पण पाहुण्यांना तिच्यात चहाचं आधण आठवतं. ओंडके सूचनापुस्तिकेत दाखवलेत तसेच रचायचे असतात, कारण एखादा ज्योतीत आला की काजळी धरते. तुम्ही ते आपल्या कलादृष्टीनं रचा. रांगोळी आपण पुस्तक बघून काढतो का?

आकारात कंजूषपणा नको. ही यंत्रं बीटीयूत, म्हणजे तासाला किती उष्णता त्या मापात, मोजतात. दीड टनाचा एसी 18,000 बीटीयूचा, यावरून अंदाज घ्या. अमेरिकेतल्या नियमांत बिनधुराड्याच्या हीटरला कमाल मर्यादा 40,000 ची आहे आणि झोपायच्या खोलीत 10,000 ची. तुम्ही सरळ 40,000 चीच घ्या आणि आजोबांच्या खोलीत लावा. ती पूर्ण जोरात चालली तर तासाला जवळपास किलोभर गॅस खाते. सिलिंडर तीन-चार संध्याकाळीच पुरलं तर गॅस एजन्सीला जाऊन या, तेवढाच व्यायाम. नियमांचा विषय निघालाच आहे, तर कॅलिफोर्नियात ही घरात लावायला मनाई आहे आणि कॅनडातही सहसा चालत नाही. कॅनडात थंडी कमी असावी.

सुरक्षेची काळजी करणारे म्हणतील, यात सेन्सर असतो. असतो. पायलटची, म्हणजे कायम पेटती ठेवलेली, बारीक ज्योत ऑक्सिजन कमी पडला की जागची हलते, तिच्यावर तापलेली तार थंड होते आणि गॅस बंद. खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या 21 टक्क्यांवरून 18 च्या आसपास आला की हे घडतं. तोवर मोनॉक्साइड किती झाला, हे त्या बिचाऱ्याला कळायची सोय नाही, कारण तो ते मोजतच नाही. त्यासाठी वेगळा गजर मिळतो. तो घेऊ नका. फार कर्कश वाजतो, बैठकीचा रंग जातो.

ग्वाल्हेरात बैठकीचा रंग महत्त्वाचा. तसं बघितलं तर बिनधुराड्याच्या शेकोटीचा पहिला प्रयोग आपल्याच तानसेनानं केला. दीपक राग गायला, दिवे पेटले, ना धूर ना चिमणी. मग गाणाऱ्याच्याच अंगाची आग झाली आणि शांत करायला मल्हार शोधत फिरावं लागलं, असं आख्यायिका सांगते. पण ते सूचनापुस्तिकेत कुठे लिहिलेलं असतं?

आमच्या जनकगंजातल्या वाड्यात ही वस्तू दोन वर्षांपूर्वी आली. भिंती दोन हात जाड, दगडाच्या. दादाला पटलं ते एकाच गोष्टीवर: धुराड्यासाठी भिंत फोडायची नाही. जयविलासात भलीमोठी झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून बघितले होते म्हणतात. दादानं भिंतीवर टिचकी मारली आणि ऑर्डर दिली. कोहरा आत येऊ नये म्हणून वहिनीनं खिडक्यांच्या फटींत जुन्या रजईचा कापूस कोंबला, दाराखाली पायपुसणं गुंडाळून लावलं. संध्याकाळी सहाला बटण दाबलं. टक्, टक्, भप्प. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच खोलीत आत्याची शिकवणी असते. सातला तावदानांवरून पाणी ओघळायला लागलं. आजोबांच्या फोटोच्या काचेवर थेंब जमले आणि एक नेमका त्यांच्या नाकावरून खाली आला, जणू त्यांना सर्दी झाली. साडेसातला तबल्याचा सूर उतरला. वाजवणारा पोरगा हातोडीनं गट्टे ठोकून थकला, पण पुडी, म्हणजे वरचं कातडं, भिजल्यासारखी, बोल ‘ना’ऐवजी ‘नं’. “अरे, हा आषाढात बोलतो तसा काय बोलतोय?” आत्या म्हणाली. दोन मुलींना भूपाच्या आलापीत जांभया यायला लागल्या, त्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली. आत्याचं डोकं ठणकत होतं. ते पित्त ठरलं. वहिनीला मळमळायला लागलं, तर शेजारच्या काकूंनी तिच्याकडे अशा काही कौतुकानं बघितलं की वहिनी लाजली, आणि मग चिडली, कारण तिचा धाकटा बारावीला आहे.

सेन्सर काही बोलला नाही. खोली मोठी, ज्योत जागची हलली नाही. बोलला तो तबला.

उलगडा दूधवाल्यामुळे झाला. त्याचे महिन्याचे पैसे द्यायला आत्या चौकात गेली, हिशेबात दोन दिवसांचा घोळ होता, त्यावर दहा-पंधरा मिनिटं थंडीत वाद झाला, आणि वाद जिंकून ती परत आली तेव्हा डोकं उतरलेलं होतं. ती उंबऱ्यातच थांबली. काही न बोलता सगळ्या खिडक्या उघडल्या. कापूस खाली पडला. कोहरा सावकाश आत आला, आणि आम्ही सगळे स्वेटर, शाली, कानटोप्या चढवून फायरप्लेससमोर कुडकुडत बसलो.

पुस्तिका दादानं दुसऱ्या दिवशी वाचली. ताजी हवा येईल एवढी जागा उघडी ठेवा, हे पहिल्या काही पानांतच होतं, जाड अक्षरांत. तेव्हा तुम्हाला माझा सल्ला असा की पुस्तिका आधी वाचू नका, खरेदीतली मजा जाते.

पण खिडक्या उघड्या ठेवायच्या तर माकडं आत येतात, म्हणून शेवटी वर कायमचा झरोका पाडायचं ठरलं. मिस्त्री आला. छिन्नीनं तीन दिवस ठोकत बसला, दिवाणखाना दगडाच्या भुकटीनं पांढरा झाला, आत्याची शिकवणी चौकात सिगडीजवळ भरली. तिसऱ्या दिवशी आरपार उजेड दिसल्यावर त्यानं कपाळाचा घाम पुसला, खाली फायरप्लेसकडे बघितलं, मग वर भोकाकडे.

“साहब,” तो दादाला म्हणाला, “छेद तो हो ही गया. चिमनी ले आऊँ क्या?”