९ नोव्हेंबर आणि ‘काय योगायोग!’

दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक पोस्ट हमखास फिरत येते. ‘९ नोव्हेंबर १९१८ – जर्मनीचा कैसर पायउतार. ९ नोव्हेंबर १९२३ – हिटलरचा फसलेला उठाव. ९ नोव्हेंबर १९३८ – ज्यूंवर देशभर हल्ले. ९ नोव्हेंबर १९८९ – बर्लिनची भिंत पडली. काय योगायोग!’ आणि खाली आ वासलेल्या चेहऱ्यांची रांग. यंदा ती मला तिघांनी पाठवली. त्यातल्या एकाला मी ‘हा योगायोग नाही’ एवढंच लिहिलं. त्याने विचारलं, ‘मग काय आहे?’ त्याचं उत्तर चॅटमध्ये मावेना, म्हणून ही लांबण. वेळ नसेल तर पुढे सरका, राग नाही.

आधी कबुली देतो, मला दिनविशेष आवडतात. शाळेत परिपाठाला ते वाचायची पाळी माझ्यावर आली की मी आदल्या रात्रीच उजळणी करायचो. पण दिनविशेषाची एक खोड आहे. तो सगळं एकाच पंगतीला बसवतो. ९ नोव्हेंबरचंच घ्या. १९३४ साली खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचा जन्म, १९६२ साली महर्षी कर्व्यांचं वयाच्या १०४ व्या वर्षी निधन, २००० साली उत्तराखंड राज्याची स्थापना. या तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दिवस ३६५, फार तर ३६६, आणि घटना अगणित. कुठल्याही तारखेवर बोट ठेवा, गर्दी सापडणारच. याला खुशाल योगायोग म्हणा.

जर्मनीच्या त्या चार तारखांचं मात्र वेगळं आहे. जर्मन लोक या दिवसाला ‘शिकझाल्सटाग’ म्हणतात, म्हणजे नशिबाचा दिवस. मला हा शब्द पटत नाही. नशीब म्हटलं की ‘हे कुणी केलं’ हा प्रश्नच मागे पडतो. आणि इथे तर कुणी केलं ते नावानिशी, काही ठिकाणी मिनिटानिशी माहीत आहे.

१९१८ पासून सुरू करू. पहिलं महायुद्ध हरल्यात जमा होतं, खलाशांचं बंड कील बंदरापासून पसरत बर्लिनपर्यंत पोचलं होतं. कैसर, म्हणजे सम्राट, दुसरा विल्हेल्म बेल्जियममधल्या स्पा इथल्या लष्करी मुख्यालयात बसून घोळ घालत होता. शेवटी चॅन्सेलर प्रिन्स माक्स फॉन बाडेन याने ९ तारखेला दुपारी त्याच्या होकाराची वाट न पाहता परस्पर जाहीर करून टाकलं, की कैसरने गादी सोडली. खुद्द कैसरने राजत्यागाच्या कागदावर सही केली ती २८ नोव्हेंबरला, हॉलंडमध्ये आश्रय घेतल्यावर. म्हणजे फॉरवर्डमधली पहिलीच नोंद एका थापेची आहे म्हणा ना! अर्थात राज्य गेलं ते त्या थापेनेच, सहीने नव्हे.

त्याच दुपारी दोनच्या सुमारास सोशल डेमोक्रॅट फिलिप शाइडेमान याने राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, खिडकीतून प्रजासत्ताक पुकारलं. त्याच्याच पक्षाचा नेता एबर्ट भडकला, की हा अधिकार तुला कुणी दिला? आणि दोनच तासांनी, थोड्याच अंतरावरच्या राजवाड्यातून जहाल डाव्यांचा पुढारी कार्ल लीबक्नेश्ट याने दुसरं, समाजवादी प्रजासत्ताक पुकारलं. एका दिवसात एका शहरात दोन प्रजासत्ताकं. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० साली तो राजवाडा सुरुंग लावून पाडला, पण लीबक्नेश्टच्या सज्जासकट त्याचं एक प्रवेशद्वार जपून ठेवलं आणि राज्य परिषदेच्या नव्या इमारतीत बसवलं. अख्खा राजवाडा नको होता, सज्जा हवा होता. तारखेचंही असंच होतं. आपल्याला हवा तो तुकडा कापून घ्यायचा, बाकीच्याचा चुरा.

आता १९२३. हिटलरच्या तोंडी ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ ही शिवी कायमची बसलेली. रोख १९१८ ची क्रांती करणाऱ्यांवर आणि युद्ध थांबवणाऱ्यांवर. त्या क्रांतीला पाच वर्षं होत आलेली असताना, ८ नोव्हेंबरच्या रात्री तो म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये बंदूकधारी घेऊन घुसला, छताला गोळी मारली आणि ‘राष्ट्रीय क्रांती’ सुरू झाल्याचं ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मोर्चा फेल्डहर्नहाले या स्मारकापाशी पोलिसांनी गोळीबार करून मोडला. त्यात ४ पोलीस मेले. दुसऱ्या बाजूचे १६ मेले, त्यातला एक तर नुसता बघ्या होता. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षभराच्या आत तो बाहेर आला.

साखळीची खरी कडी इथे आहे. सत्ता हातात आल्यावर नाझींनी त्या फजितीचा सण केला. १९३३ पासून दरवर्षी ८ तारखेला संध्याकाळी त्याच बिअर हॉलमध्ये जुन्या साथीदारांपुढे हिटलरचं भाषण आणि ९ तारखेला मिरवणूक. त्या १६ जणांना हुतात्मे ठरवलं, बघ्यालाही. १९३५ साली त्यांच्या शवपेट्या उकरून खास बांधलेल्या मंडपांत नेऊन ठेवल्या. पराभवाची तारीख अशी घासूनपुसून विजयाची करता येते. याला मी योगायोग कसा म्हणू? हे काम आहे, माणसांनी खपून केलेलं.

आणि म्हणूनच १९३८. त्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस जर्मनीने हजारो पोलिश ज्यूंना पोलंडच्या सरहद्दीवर नेऊन ढकललं. त्यांत पॅरिसमध्ये राहणाऱ्या हर्शेल ग्रिनश्पान या १७ वर्षांच्या मुलाचे आईवडील होते. त्याने ७ नोव्हेंबरला पॅरिसच्या जर्मन वकिलातीत एर्न्स्ट फॉम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राट ९ तारखेला संध्याकाळी मेला. ती बातमी म्युनिकला पोचली तेव्हा नाझी पक्षाचे देशभरातले पुढारी एकाच दालनात जेवायला जमले होते. का? तर १९२३ चा वार्षिक सोहळा! प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच चिथावणीचं भाषण केलं आणि पुढारी उठून फोनकडे धावले. आपापल्या जिल्ह्यांना हुकूम गेले ते त्या रात्रीच. फॉम राट १५ दिवसांनी मेला असता तर हल्ले झालेच नसते असं मी म्हणत नाही. कासलसारख्या ठिकाणी ते ७ तारखेलाच सुरू झाले होते. पण एका रात्रीत, एका आवाजात, देशभर? त्यासाठी सगळे हुकूम देणारे एका छताखाली असावे लागतात, आणि ते छत वार्षिक सोहळ्याने पुरवलं.

१४०० च्या वर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनामंदिरं) जाळले किंवा मोडले. सुमारे ७५०० दुकानं फोडली. जवळपास ३०,००० ज्यू पुरुषांना धरून छळछावण्यांत टाकलं. सरकारी आकड्यात मृत ९१, खरे त्याहून पुष्कळ जास्त. वर ज्यूंनाच एक अब्ज राइशमार्कचा दंड, आणि विम्याचे पैसेही सरकारने गिळले. या रात्रीला जगभर ‘क्रिस्टलनाख्ट’ म्हणतात, फुटलेल्या काचांवरून. जर्मनीत आता हे नाव बरेच जण टाळतात, ‘नोव्हेंबर पोग्रोम’ म्हणतात, पोग्रोम म्हणजे एखाद्या समाजावरचा सामूहिक हल्ला. बरोबर करतात. स्फटिकांची रात्र! असं नाव मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल. आणि ती एकच रात्रही नव्हती, पुष्कळशी नासधूस १० तारखेला भर दिवसा, लोकांच्या डोळ्यांदेखत झाली.

याच सोहळ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गेओर्ग एल्झर नावाचा सुतार. त्याच्या लक्षात आलं, की हिटलर नक्की कुठे आणि कधी सापडेल हे वर्षातून एकदा आधीच माहीत असतं. ८ नोव्हेंबर, तोच बिअर हॉल, तेच व्यासपीठ. ३० हून जास्त रात्री तो त्या हॉलमध्ये लपून राहिला, व्यासपीठामागचा खांब थोडा थोडा पोखरला आणि त्यात घड्याळाचा बॉम्ब बसवला. १९३९ साली तो ठरल्याप्रमाणे रात्री ९:२० ला फुटला. हिटलर ९:०७ ला निघून गेला होता, कारण धुक्यामुळे विमान रद्द करून त्याला ट्रेन पकडायची होती. १३ मिनिटं. त्या स्फोटात ८ माणसं मेली. एल्झरला डाखाऊच्या छावणीत एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला महिनाही उरलेला नसताना, गोळी घातली. हा माणूस सहसा यादीत नसतो. एक तर त्याची तारीख ८, आणि दुसरं, जे घडलं नाही त्याचा दिनविशेष होत नाही.

चौथी नोंद, १९८९. इथे मात्र मी हात टेकतो. हा योगायोगच, आणि तोही विनोदी. पूर्व जर्मनीच्या सरकारने प्रवासाचे नवे नियम केले होते आणि ते जाहीर व्हायचे होते १० नोव्हेंबरला पहाटे ४ वाजता. पक्षाचा प्रवक्ता ग्युंटर शाबोव्स्की याच्या हातात तो कागद ऐनवेळी पडला. ९ तारखेच्या पत्रकार परिषदेत, संध्याकाळी सातच्या सुमारास त्याने तो वाचला. कुणीतरी विचारलं, हे लागू कधीपासून? त्याने कागद चाळला आणि म्हणाला, ‘माझ्या माहितीप्रमाणे... लगेच, विनाविलंब.’ परिषद टीव्हीवर थेट दिसत होती. लोक नाक्यांवर जमले. बोर्नहोल्मर श्ट्रासच्या नाक्यावरचा अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोन करकरून थकला, कुणी धड उत्तर देईना. रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडलं. शाबोव्स्कीने कागद नीट वाचला असता तर भिंतीची तारीख १० झाली असती, आणि ‘काय योगायोग’वाल्यांची शेवटची ओळ गेली असती. बाय द वे, बर्लिनमध्ये रात्रीचे साडेअकरा म्हणजे भारतात पहाटेचे चार. आपल्या घड्याळांप्रमाणे ती भिंत १० नोव्हेंबरलाच उघडली. मग आपला दिनविशेष कुठल्या दिवशी लावायचा?

तारखांचा हा घसरटपणा जुनाच आहे. नेपोलियनने सत्ता बळकावली त्या दिवसाला इतिहास ‘१८ ब्रुमेअर’ म्हणतो. क्रांतिकाळातल्या फ्रेंच पंचांगातला तो दिवस म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. (घ्या, यादीत आणखी एक!) पण सैनिकांनी सभागृहातून प्रतिनिधींना हुसकलं ते दुसऱ्या दिवशी, १९ ब्रुमेअरला. नाव पहिल्या दिवसाला चिकटलं ते चिकटलं. रशियाची ऑक्टोबर क्रांती तर आपल्या कॅलेंडरात नोव्हेंबरमध्ये येते.

आता मला ज्यात सगळ्यात जास्त रस आहे ते. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर राष्ट्रीय दिवस कुठला करायचा? भिंत उघडल्याचा दिवस हे उघड उत्तर होतं, आणि ते सुचवलंही गेलं. पण त्या तारखेला नाचायचं कसं? त्याच दिवशी सिनेगॉग जळत होते. मग ३ ऑक्टोबर ठरला. ही तारीख कशी निघाली ते पाहण्यासारखं आहे. युरोपातल्या परराष्ट्रमंत्र्यांची न्यूयॉर्कमधली बैठक २ ऑक्टोबर १९९० ला संपणार होती, एकीकरणाच्या वाटाघाटींचा निकाल तिथे कळवणं भाग होतं. आणि ७ ऑक्टोबरच्या आत आटपायचं होतं, नाहीतर पूर्व जर्मनीला स्वतःचा ४१ वा वाढदिवस साजरा करावा लागला असता. पूर्व जर्मन संसदेने ऑगस्टमधल्या एका रात्री उशिरा २९४ विरुद्ध ६२ मतांनी ती तारीख मंजूर केली. म्हणजे दोन अडचणींच्या मधल्या फटीत सापडलेली तारीख.

अनेकांना ती रुक्ष वाटते, आणि आहेच. ३ ऑक्टोबरला कुणी भिंतीवर चढलं नाही. तरी मला वाटतं त्यांनी शहाणपणा केला. सण म्हटला की एकच भावना पुरवावी लागते, नाहीतर मिरवणूक जमत नाही. १९३३ नंतर ९ नोव्हेंबरला एकच भावना पुरवली गेली, तिचं काय झालं ते वर लिहिलंय. शिवाय तारखेचा वापर करणारे नंतरही होतेच. १९६९ साली पश्चिम बर्लिनच्या ज्यू केंद्रात १९३८ च्या स्मृतिदिनालाच बॉम्ब ठेवला गेला, आणि ठेवणारे स्वतःला डावे क्रांतिकारक म्हणवत होते. तो फुटला नाही हे नशीब. इथे मी तो शब्द वापरतो.

उलट बाजूचा मुद्दाही खोटा नाही. एखादी तारीख इतकी जड झाली की लोक तिला हातच लावत नाहीत, आणि मग १९१८ चं प्रजासत्ताक बिचारं कोपऱ्यात पडून राहतं. जर्मनीत लोकशाही आणणारा दिवस, पण त्याला ना ढोल ना दिवे.

त्यामुळे ९ नोव्हेंबरला जर्मनीत सुट्टी नसते, कचेऱ्या चालू असतात. ज्यांना छळून नेलं त्यांच्या घरांसमोर फुटपाथमध्ये पितळी पत्र्याचे छोटे दगड बसवलेले आहेत, नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं एवढंच कोरलेले. त्या दिवशी लोक कापड घेऊन गुडघ्यावर बसतात, काळवंडलेलं पितळ घासतात आणि शेजारी मेणबत्ती ठेवतात. २०१४ साली भिंतीला २५ वर्षं झाली, तेव्हा बर्लिनमध्ये भिंतीच्या जुन्या रेषेवर १५ किलोमीटर लांब दिव्यांचे फुगे लावले होते आणि रात्री ते एकेक करून आकाशात सोडले. त्याच संध्याकाळी, त्याच शहरात, मेणबत्त्याही जळत होत्या.