बोलणारा तालिएसिन कोण, हे आधी ठरवा

तालिएसिन हा सहाव्या शतकातला वेल्श कवी, आणि पुढे दंतकथेतलं पात्रही. ज्या लेखाबद्दल हे टिपण आहे, त्यात 'काद गोदाय' ('झाडांची लढाई') या मध्ययुगीन वेल्श कवितेतली 'मी अनेक रूपांत होतो' ही ओळ सहाव्या शतकातल्या द्रुइडांच्या, म्हणजे केल्टिक पुरोहितांच्या, पुनर्जन्मश्रद्धेचा पुरावा म्हणून दिली आहे. इथे घाई झाली. ती कविता ज्यात आहे ते 'तालिएसिनचं पुस्तक' हे हस्तलिखित 14व्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलं गेलं. त्यातल्या साठेक कवितांपैकी वेल्श अभ्यासक इव्होर विल्यम्स यांनी 12च ऐतिहासिक तालिएसिनच्या मानल्या, बहुतेक उरियेन राजाच्या स्तुतीच्या. 'काद गोदाय' त्यांत नाही. तिथला 'मी' म्हणजे दंतकथेतलं, सर्वज्ञपणा मिरवणारं पात्र. बराच भाग तर चेष्टेचाच वाटतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: हस्तलिखिताचा काळ, मग भाषा आणि यमकं, मग बोलणारा कोण, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1948 मध्ये उलटं केलं. ओळींची फेरमांडणी करून त्यांनी झाडांची गुप्त लिपी 'शोधली', तीही भाषांतरावरून!

जाता जाता: मध्ययुगीन वेल्श कथांच्या संग्रहाला 'माबिनोगिऑन' म्हणतात. त्यातल्या चार मुख्य कथांना 'शाखा' म्हणतात; हा शब्द पहिल्या शाखेच्या शेवटी येतो, उरलेल्या तिन्ही शाखा 'माबिनोगी' म्हणून संपतात. बहुधा लेखनिकाची चूक, पण शार्लट गेस्ट यांच्या भाषांतरामुळे तीच रूढ झाली.