'वेल्डिंग येत नसेल तर नादी लागू नका' या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टवर (कमी पैशातली जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, रिस्टोअर करून शनिवार-रविवारपुरती कशी ठेवायची, ती) 'जुना गिअर' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आलीये. खालीच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते वाढत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'परवडणारी' हा शब्द फसवा आहे, या गाड्या सुरक्षित नाहीत, त्यापेक्षा पहिली एमएक्स-५ (माझदाची छोटी कन्व्हर्टिबल) घ्यावी, टायरच्या वयाबद्दल मी धड लिहिलं नाही, 'एक दिवस फिरवायला सहा दिवस गॅरेजमधे', त्यांनी मात्र सिल स्वतः केल्यात, आणि मग हे, जसंच्या तसं: "सिल दुसऱ्याकडून वेल्ड करून घेतल्या आणि वर 'मी रिस्टोअर केली' म्हणता, ज्याला वेल्डिंग येत नाही त्याने अशा गाडीच्या नादी लागू नये, नुसतं फोटोशूट करावं!!!"

तीन उद्गारचिन्हं त्यांचीच आहेत, मी वाढवलेली नाहीत. (सिल म्हणजे दरवाज्याखालचा, गाडीच्या लांबीने जाणारा पत्र्याचा भाग.)

आधी टायरचं, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. टायरच्या बाजूला डॉटच्या कोडमधे शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. जी गाडी आठवड्यातून एकदाच फिरते तिच्या टायरची नक्षी झिजतच नाही, त्यामुळे तो नवा दिसतो आणि आतून रबर कडक होऊन गेलेलं असतं. हे मी शेवटी एका ओळीत उरकलं होतं, आता वर आणलंय. धन्यवाद. हेच तुम्ही सरळ शब्दांत सांगितलं असतं तरी मी केलंच असतं, त्यासाठी "एवढंही माहीत नसेल तर" ने सुरुवात करायची काही गरज नव्हती.

आता वेल्डिंग.

तुम्ही ज्या ठामपणे लिहिलंय त्यावरून असं वाटतं की सिल म्हणजे दरवाज्याखालची एक पट्टी, ती कापायची, नवी लावायची, झालं. माझी गाडी १९७२ ची एमजीबी आहे, ब्रिटिश कन्व्हर्टिबल. एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी. (त्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरला खाली वेगळी चासी आहे, तिथे हिशेब जरा वेगळा, तरी तिथेही सिल जोर घेतेच.) कूपेला छत असतं, ते पुढचा आणि मागचा भाग वरून धरून ठेवतं. कन्व्हर्टिबलला ते नसतं, म्हणजे झाकण फाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी अवस्था, पिळला की पिळतो. म्हणून सगळा भार सिलवर. आणि ती सिल एक पत्रा नसून तीन तुकडे मिळून झालेली पेटी आहे: बाहेरची सिल, मधला उभा पत्रा आणि खालून कॅसल सेक्शन. बाहेरून दिसते ती फक्त पहिली. पाणी आत शिरतं, चिखलाने निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून बाहेर असा कुजत येतो, म्हणजे वरच्या रंगाखाली जेव्हा पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतलं बऱ्याचदा आधीच संपलेलं असतं.

माझ्या गाडीत आधीच्या कोणीतरी या सगळ्यावर कव्हर सिल चढवली होती. कुजलेला पत्रा तसाच ठेवायचा, त्यावर नवा पातळ पत्रा टॅक मारून बसवायचा, पुट्टी, रंग, गाडी विकायला तयार. लोहचुंबक फिरवलं तर दरवाज्याखाली चिकटायचं आणि मागच्या चाकापुढे येऊन गळून पडायचं, तिथे नुसती पुट्टी होती. तरी मी गाडी घेतली, कारण किंमत त्याच हिशोबाने पाडून घेतली होती. हे मूळ पोस्टमधे लिहिलेलं आहे. वाचलंत का, ही शंका मला तुमची प्रतिक्रिया वाचताना दोनदा आली.

आता ती बदलायची कशी ते ऐका. आधी दरवाज्याच्या चौकटीत ब्रेस लावायचा, म्हणजे बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत मजबूत पाइप बसवून ती मोकळी जागा कायम करायची. एकदम दोन्ही बाजू उघडायच्या नाहीत, एक पूर्ण झाली की दुसरी. गाडीचं वजन चाकांवर किंवा अ‍ॅक्सलखाली स्टँडवर, मधेच कुठेतरी जॅकवर लोंबकळत नको. पुढची विंग (चाकावरचा पत्रा) बोल्टवर आहे, ती काढता येते, पण मागच्या विंगचा खालचा भाग कापावाच लागतो, कारण सिलचं टोक त्याच्या आत जातं. ते न कापता जो "सिल बदलली" म्हणतो त्याने अर्धीच बदललीये. आणि दर टप्प्याला दरवाजा परत लावून फट बघायची. इथे चूक झाली तर गाडी मधून बसते, दरवाज्याची मागची फट वर बारीक आणि खाली रुंद होते, आणि मग तुम्ही आयुष्यभर तो दरवाजा उचलून लावत राहता. कापलेलं परत कापून नीट करणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच विचारा.

पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास. मिग वेल्डिंगची उष्णता जरा जास्त झाली की भोक पडतं, कमी झाली तर वरून सुंदर रेघ दिसते आणि आत पकडच नाही. ही दुसरी चूक दिसत नाही, आणि ती ज्या जागी असते तिथून तुमची कंबर हातभर लांब असते. हे काम मी माझ्या गॅरेजात यूट्यूब बघत शिकावं, आणि नाही शिकलो तर माझी लायकी नाही, हे तुमचं म्हणणं! माफ करा, पण मला याला हिंमत म्हणवत नाही.

आणि राहिला प्रश्न 'येत नाही' याचा. कॉलेजच्या सुट्ट्यांमधे मी एका गॅरेजात बिनपगारी उमेदवारी केलीये. पहिला उन्हाळा नुसता पाने पुसण्यात आणि रॉकेलच्या ट्रेमधे पार्ट धुण्यात गेला. तिथल्या मिस्त्रीकाकांनी मला वेल्डिंगही शिकवलं, फाटकं, स्टँड, सायलेन्सरचे ब्रॅकेट मी जोडलेत. त्याच काकांनी माझ्यादेखत एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं की चासीचं काम माझ्याकडे नको, ज्याचा रोजचा हात त्यावर बसलाय त्याच्याकडे न्या. तीस वर्षं टॉर्च धरलेला माणूस हे म्हणत होता. म्हणून मी सिल ज्याचं रोजचं काम तेच आहे त्याच्याकडून करून घेतल्या, शेजारी उभा राहून फट मोजली, ब्रेस मी बनवून नेले, विंगा मी सोडवल्या (त्या बोल्टांबद्दल बोलायला नको, निम्मे तुटले), आणि आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारं मेण) मी मारलं. याला रिस्टोअर केली म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंड करायला मशीन शॉपमधे देणाऱ्यालाही तुम्ही हेच सांगता का? की क्रोमिंगही घरच्या बादलीत करायचं?

बाकीची यादी देतो, फुशारकी वाटली तर वाटू दे. दोन्ही एसयू कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे) मी उघडलेत, जेट, नीडल, थ्रॉटलचे स्पिंडल बदललेत, आणि ते रबरी नळी कानाला लावून हवेच्या आवाजावर बॅलन्स केलेत. मिश्रण कसं बघतात माहितीये ना? कार्बोरेटरचा पिस्टन पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून ते वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. वर डॅशपॉटमधे (कार्बोरेटरच्या वरच्या ऑइलच्या नळीत) २० नंबरचं ऑइल, ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि लोक विनाकारण टायमिंग हलवत बसतात. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या टाकल्यात, कारण जुनं रबर आजच्या पेट्रोलमधे मऊ पडून आतून सुटतं आणि त्याचा गाळ थेट फ्लोट चेंबरमधे (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या कप्प्यात) येतो, आणि नळी बाहेरून चिरली तर गरम एग्झॉस्टच्या वरच गळते. किंगपिनला ग्रीस, टॅपेट, पॉइंट्सची फट, सीटमागच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांच्याखालचा कुजलेला डबा, सगळं या हातांनी. फोटोशूट मी एकदाही केलेलं नाही. पोस्टमधले फोटो मोबाईलवर काढलेत आणि त्यातले दोन हललेलेत, ते दिसतंच आहे.

मुळात मला राग वेल्डिंगचा नाही आलेला. 'नादी लागू नये' याचा आलाय. मागच्या पोस्टखाली एका मुलीने विचारलं होतं की मला फक्त पाना धरता येतो, मी अशी गाडी घेऊ का. तिने तुमची प्रतिक्रिया वाचली असणार, कारण नंतर तिने तो प्रश्न काढून टाकलाय. तिला मी इथेच सांगतो: घे. फक्त घेताना इंजिनाच्या नादी लागू नकोस, इंजिन बोल्टवर असतं, बाहेर काढता येतं, त्याचे सगळे पार्ट मिळतात. गाडी मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकाजवळ जॅकवर घे आणि दरवाज्याची फट बघ. ती आवळली, किंवा दरवाजा उघडताना अडकला, तर सरळ घरी जा, विकणारा कितीही गोड बोलला तरी. नाही हलली, तर बाकी सगळं एकेक करून शिकता येतं. वेल्डिंग यायलाच हवं असं काही नाही, कुठलं वेल्डिंग आपण करायचं नाही ते कळायला हवं.

आता तुमचे बाकीचे मुद्दे, भराभर.

परवडणं: हो, पार्ट आणि मजुरी धरली की खर्च वाढतो, कोणाचा वाढत नाही? पण १९६२ ते १९८० मधे एमजीबी पाच लाखांहून जास्त निघाल्या, आणि म्हणूनच आजही जवळजवळ प्रत्येक स्क्रू नवा मिळतो. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज अख्खी नवी बॉडीशेल बनवतंय. ज्या गाडीचा हेडलाइटचा रिंग शोधायला वर्ष जातं ती गाडी महाग, मग ती फुकट मिळाली तरी. हे मूळ पोस्टमधे आहे, परत सांगत नाही.

एमएक्स-५: उत्तम गाडी, १९८९ मधे आली, चावी फिरवली की चालू होते, घ्या की, कोण नको म्हणतंय. फक्त तिच्या मागच्या सिलही कुजतात, हूडच्या (कापडी छताच्या) मागच्या निचऱ्याच्या नळ्या बुजल्या की पाणी तिथेच उतरतं. मग त्या वेल्ड करायला तुम्ही कोणाकडे जाणार ते कळवा.

सुरक्षितता: एअरबॅग नाही, एबीएस नाही, मान्य आहे, त्याबद्दल कोणी खोटं बोललेलं नाही. पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम, बेल्ट लावलेले आहेत, आणि मी ती हायवेवर ट्रकांशी शर्यत लावायला नेत नाही. या विषयावर अजून काय बोलायचं मला माहीत नाही. मोटरसायकलवाल्यांच्या पोस्टखाली जाऊन तुम्ही हेच लिहिता का हे जाणून घ्यायला आवडेल.

"एक दिवस फिरवायला सहा दिवस गॅरेजमधे" हे वाक्य टाळ्यांसाठी आहे, त्यात तथ्य शून्य. उलट या गाड्या उभ्या राहून मरतात. नुसती दहा मिनिटं चालू करून बंद केली तर ऑइलमधलं पाणी उडतच नाही, झाकणाखाली पिवळट फेस जमतो, ब्रेक सिलिंडर गंजून अडकतात, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते. ऑइल नीट गरम होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, दर आठवड्याला चालवा, आणि निम्मं मेंटेनन्स तिथेच झालं. ओलं हूड घडी घालू नका आणि थंडीत कडक झालेलं तर अजिबात नाही, मागची प्लॅस्टिकची काच तिथेच चिरते. एवढंच.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. यापुढे मात्र माझ्याबद्दल जे लिहायचं ते लिहा, नवीन लोकांना हाकलू नका, तसं परत दिसलं तर ती कमेंट जाईल, आधीच सांगून ठेवतो. आणि तुम्ही स्वतः केलेल्या सिलचा उल्लेख केलाय तर टाका ना फोटो, दरवाजा बंद असताना मागच्या फटीचा, वर आणि खाली दोन्हीकडे पट्टी धरून.

ज्या दोघांनी ब्रेक ऑइलचं विचारलं होतं त्यांना: डॉट ४, दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, रंग चांगला दिसतोय म्हणून थांबू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. वायर व्हीलच्या (तारांच्या चाकाच्या) स्प्लाइनला, म्हणजे आतल्या खाचांना, ग्रीस लावायचं का विचारणाऱ्यांनाही हो, आणि दोन बाजूंच्या चाकांच्या मधल्या नटांचे आटे उलट आहेत, हातोडा मारायच्या आधी वरचा बाण वाचा.